धुळीइतकं अंतर

सकाळी काझाहून निघायचं, कुंझुम खिंड गाठायची आणि संध्याकाळी परत काझालाच यायचं, हा स्पितीतल्या मोटरसायकलस्वारांचा एका दिवसाचा आवडता फेरा आहे. आकडे ऐकून तो किरकोळ वाटतो. लोसर हे खिंडीअलीकडचं शेवटचं गाव साधारण ५७ किलोमीटरवर आणि तिथून खिंडीची चढण आणखी १८-१९ किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. पुण्यामुंबईचे रायडर रविवारी सकाळी मिसळ खायला याहून लांब जातात. इथं मात्र उजाडल्यापासून मावळतीपर्यंतचा वेळ पुरवून वापरावा लागतो. डांबर मधूनमधून भेटतं, बाकी खडी, माती आणि डोंगरावरून सुटून आलेला दगड. काझाच साडेतीन हजार मीटरहून उंच आहे, खिंड साडेचार हजाराच्या वर.

या फेऱ्याला सहा-आठ जणांचा ग्रुप निघतो तेव्हा हायवेवरची एक सवय त्याच्याबरोबर येते. हायवेवर ग्रुप म्हणजे एकमेकांच्या नजरेत राहणं. दोन रांगा, एक डावीकडे, एक उजवीकडे, पुढच्याशी दोन सेकंदांचं अंतर, आरशात मागचा दिवा. डांबरावर ही रचना चांगली चालते. खडीवर तीच रचना माणसं पाडते. खडीवर ग्रुप टिकवायचा असेल तर लांब राहायला शिकावं लागतं. हे का, ते कळण्यासाठी आधी पायाखालचा रस्ता पाहायला हवा.

खडीचा रस्ता म्हणजे डांबर टाकायचं राहून गेलेला रस्ता, असा आपला समज असतो. तो खरा नाही. चांगला खडीचा रस्ता ही बांधलेली गोष्ट असते आणि तिचं शास्त्र दोनशे वर्षांपूर्वीच मांडलं गेलं आहे. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश माणसानं ब्रिस्टलच्या रस्त्यांवर काम करताना दाखवून दिलं की खाली मोठमोठ्या दगडांचा पाया नसला तरी चालतं. दगड फोडून लहान करावा, प्रत्येक तुकडा सहा औंसांच्या, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमच्या आत असावा आणि त्याला कोपरे असावेत. वरून चाकं गेली की हे कोपरे एकमेकांत अडकतात आणि थर घट्ट होतो. नदीतला गुळगुळीत गोटा तसा अडकत नाही, तो चाकाखालून निसटतो. आपल्याकडे बांधकाम खात्याच्या फलकावर ‘खडीकरण’ किंवा ‘डब्ल्यूबीएम’ लिहिलेलं असतं, ते मॅकॅडमच्याच कल्पनेचं पुढचं रूप. त्यातला शेवटचा एम त्याच्याच नावाचा: वॉटर बाउंड मॅकॅडम. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, पुन्हा रोलर. पाण्यानं बारीक माती खडीच्या फटींत उतरते आणि दगडाला दगड धरून ठेवते.

म्हणजे खडीच्या रस्त्यात दगड, वाळू आणि बारीक माती अशी तिन्ही लागतात आणि त्यांना बांधायला थोडी ओल लागते. स्पितीत नेमकी ओलच कमी आहे. हा पर्जन्यछायेतला थंड वाळवंटी प्रदेश. पावसाळी ढग दक्षिणेकडच्या डोंगरांतच रिते होतात. इथले खडक एके काळी टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेले. लांगझा गावाच्या परिसरात आजही अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. या खडकांत शेल हा पापुद्र्यांनी फुटणारा खडक भरपूर. रात्री फटींतलं पाणी गोठतं, फुगतं, खडक तडकवतं आणि दिवसा ते तुकडे उतारावरून घसरत रस्त्यावर येतात. सीमा सडक संघटनेची माणसं, म्हणजे बीआरओवाले, ते हटवतात, रस्ता सारखा करतात आणि थोड्याच दिवसांत डोंगर तो पुन्हा भरतो. रस्त्यातली माती वाळते, चाकांनी दळली जाते आणि धूळ होऊन उडून जाते. बांधून ठेवणारा भागच उडाला की खडी मोकळी होते. म्हणून मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते ती धूळ म्हणजे त्या रस्त्याचं सिमेंट असतं. प्रत्येक गाडी ते थोडंथोडं सांडत जाते.

याच रस्त्यावर आणखी एक प्रकार भेटतो. पन्हाळी पत्रा आडवा अंथरावा तशा ओळीनं उठलेल्या लाटा. वळणाआधी, जिथं सगळे ब्रेक दाबतात तिथं, आणि चढावर, जिथं सगळे थ्रॉटल उघडतात तिथं त्या हमखास असतात. त्यांवरून जाताना हँडल हातात राहत नाही, दात वाजतात, आरसे सैल होतात. बरेच जण दोष ठेकेदाराला देतात. प्रत्यक्षात या लाटा चाकंच घडवतात. ऑस्ट्रेलियातल्या अशा रस्त्यांवर काम करणाऱ्या कीथ मॅथरनं १९६३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये याचं विवेचन केलं होतं: चाक एखाद्या उंचवट्यावरून किंचित उडतं, पुढे आपटतं, तिथं खड्डा पाडतं, खड्ड्यापुढे माती ढकलतं आणि मागून येणारं चाक त्याच जागी उडतं. २००७ साली ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळू पसरून वर चाक टेकवलं आणि लाटा प्रयोगशाळेत उठवून दाखवल्या. त्यांना दिसलं ते विशेष होतं. चाकाला स्प्रिंग नसली तरी लाटा उठतात. वाळूचा कण बदलला, चाक बदललं, तरी उठतात. फक्त एक ठरावीक वेग ओलांडावा लागतो. त्याखाली पृष्ठभाग सपाट राहतो. तो वेग मात्र इतका कमी आहे, पायी चालण्याहून थोडाच जास्त, की वाहतुकीच्या रस्त्यावर तो पाळणं शक्य नाही. तेव्हा लाटा टाळता येत नाहीत, त्यांच्याशी जमवून घ्यावं लागतं. ग्रुपसाठी यातला धडा असा: सगळ्यांनी एकाच जागी ब्रेक मारले तर शेवटच्याच्या वाटेला पहिल्यापेक्षा वाईट वळण येतं. वळण दिसण्याआधीच, सरळ रस्त्यावर, वेग हळूहळू उतरवावा. कडेच्या बाजूला बहुतेकदा लाटांची उंची कमी असते, पण तिथं सुटी खडी जास्त असते. कुठला त्रास पत्करायचा हे ज्यानं-त्यानं आपल्या टायरकडे पाहून ठरवायचं.

टायरचा विषय निघालाच आहे तर हवेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार जणांच्या लक्षात येत नाही. प्रेशर गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक. वर जाल तसा बाहेरचा दाब उतरतो आणि टायरला हात न लावताही गेजवरचा आकडा चढतो. मुंबईत भरलेलं टायर जसंच्या तसं कुंझुमला नेलं तर सुमारे सहा पीएसआय जास्त दाखवेल. मनालीत भरलेलं, सुमारे तीन. थंडीमुळे यातले थोडे कमी होतील, तरी टायर दगडासारखं टणक झालेलं असतं आणि खडीवर टणक टायर उड्या मारतं. म्हणून काझात पोचल्यावर हवा पुन्हा मोजावी आणि कंपनीनं डांबरासाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडी खाली ठेवावी. फार उतरवली तर दगडावर आपटून रिम वाकते आणि ट्यूब चिमटते. इंजिनाची गोष्ट उलटी. खिंडीतल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवते, पण नसलेला ऑक्सिजन ती आणणार कुठून? ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. माणसाचंही तेच. म्हणून या फेऱ्याआधी काझात निदान दोन रात्री काढाव्यात. मनालीहून सरळ वर येणाऱ्यांपेक्षा शिमला-किन्नौरमार्गे हळूहळू चढत आलेले कुंझुमवर जास्त ताजे दिसतात, ते यामुळेच.

चालवण्याचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण ते वाचून येत नाही. पुढचं चाक हलणारच. त्याच्या भूमितीमुळे ते स्वतःहून सरळ यायला धडपडतं, आपण हँडल आवळलं की त्याला अडवतो. कोपर सैल, नजर लांब. मागचं चाक घसरलं तर गाडी सावरता येते, कारण दिशा देणारं पुढचं चाक फिरतं असतं. पुढचं चाक लॉक झालं तर विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून पुढचा ब्रेक हळुवार, मागचा जास्त. ज्या गाड्यांत मागच्या चाकाचा एबीएस बंद करता येतो (रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला ती सोय २०२० साली मिळाली) त्यांनी खडीच्या उतारावर तो बंद करावा. मोकळ्या खडीत थांबणारं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग साठवतं आणि त्या ढिगामुळेच गाडी थांबते. एबीएस चाकाला सारखं सोडत राहिला तर ढीग साठतच नाही. पुढचा एबीएस मात्र चालूच हवा.

फूटपेगवर उभं राहून चालवण्यानं ‘गुरुत्वमध्य खाली येतो’ असं सर्रास सांगितलं जातं. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य वरच जातो. फायदा वेगळाच आहे. बसलेला माणूस गाडीचाच भाग होतो, तिच्या प्रत्येक हिसक्याबरोबर हलतो. उभा राहिला की गुडघे आणि घोटे मध्ये येतात, गाडी खाली हवी तशी हलते आणि वरचं सत्तर-ऐंशी किलोंचं शरीर जवळपास स्थिर राहतं. शिवाय थोड्या उंचावरून पुढचा रस्ता लवकर दिसतो.

आता धूळ. माझ्या मते खडीवरच्या ग्रुप राइडचा सगळा प्रश्न धुळीचा आहे. लीड रायडरला रस्ता स्वच्छ दिसतो. दुसऱ्याला निम्मा. चौथ्याला फक्त भुरी भिंत, आणि त्या भिंतीत पुढच्याचा लाल दिवा. माणसाची ओढ अशी की दिसत नसलं की तो त्या दिव्याच्या जवळ सरकतो. हीच घातक ओढ आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्यांना धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १७ मीटर तिथंच गेले. पुढे डांबरावर आठेक मीटरमध्ये थांबणारी गाडी सुट्या खडीवर त्याच्या दुप्पट तरी घेते. म्हणजे अंतर तेहेतीस मीटरच्या घरात. वेग ६० केला तर ते साठ मीटर होतं. धुळीत तितकं दिसतच नसेल तर आपण आंधळेपणानं चालवत असतो. त्यातच पुढच्याच्या मागच्या टायरनं उडवलेली खडी हेडलाइट, रेडिएटर किंवा गळ्यावर बसते.

म्हणून इथं अंतर मीटरमध्ये किंवा सेकंदांत सांगून उपयोग नाही. पुढच्याची धूळ बसल्यावर जिथून रस्ता दिसू लागतो ते आपलं अंतर. सकाळी वारा पडलेला असतो, धूळ जागीच लोंबकळते आणि हे अंतर खूप वाढतं. दुपारी उन्हानं डोंगर तापले की दरीतून वर वारा सुटतो. स्पितीत तो जोरदार असतो आणि धूळ चटकन बाजूला नेतो. तेव्हा थोडं जवळ आलं तरी चालतं. पण म्हणून दुपारचीच वेळ धरावी, असंही नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं आणि रस्त्यावरून वाहणारा सकाळचा घोटाभर ओहोळ परतताना नडगीपर्यंत येऊ शकतो. तेव्हा निघायचं लवकरच आणि सकाळच्या धुळीसाठी अंतर ठेवायचं मोठं. दहा सेकंदांचं अंतर धरलं तरी आठ जणांची ओळ पाऊण किलोमीटरहून लांब होते. घाटाच्या वळणांत कुणालाच कुणी दिसत नाही.

मग ग्रुप राहिला कुठे? इथं एक जुनी, साधी आणि माझ्या दृष्टीनं अतिशय सुंदर पद्धत कामाला येते. सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप, हे दोघं दिवसभर बदलत नाहीत. रस्त्याला फाटा आला की लीड थांबतो आणि आपल्या लगेच मागच्या रायडरला हातानं जागा दाखवतो. तो तिथं गाडी कडेला लावून उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. स्वीप दिसला की तो त्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर नवा दुसरा उभा राहतो. काझाहून निघताना रंगरीकच्या पुलाकडे जायचं की ‘की’ गोम्पाकडे चढायचं, हा पहिला प्रश्न. परतताना क्याटोला खालचा महामार्ग धरायचा की वरच्या वाटेनं चिचम-किब्बरकडे जायचं, हा दुसरा. प्रत्येक प्रश्नावर एक माणूस उभा. त्यामुळे कुणाला पुढच्याला गाठायची घाई नाही, मागचा दिसतो का म्हणून आरशात डोकवायची गरज नाही. आपल्या गतीनं चालवायचं, फाट्यावर माणूस भेटणारच. माणूस नसेल तर सरळ जायचं. एकच अट कडक: नेमलेली जागा स्वीप येईपर्यंत सोडायची नाही, अर्धा तास झाला तरी. ‘सगळे गेले असतील’ असं वाटून एक जण हलला की ही व्यवस्था मोडते.

याला जोडून माझे दोन आग्रह. पहिला, सगळ्यांत चांगला रायडर लीडला नको, स्वीपला हवा. पडलेल्याला उचलणं, पंक्चर काढणं, घाबरलेल्याला धीर देणं, हे सगळं शेपटाशी घडतं. आणि स्वीप एकटा नको, शेवटचे दोघं जोडीनं. हिमालयनसारखी गाडी पेट्रोलसह दोनशे किलोंच्या आसपास भरते. खिंडीजवळ ती एकट्यानं उचलायची म्हणजे दहा मिनिटं धाप. दोघांनी, पाठ ताठ ठेवून, पायांच्या जोरावर उचलली तर निभावतं.

दुसरा आग्रह सगळ्यांत हळू चालवणाऱ्याबद्दल. बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं? वेगवान चौघं लोसरला पोचतात, चहा घेतात, पाय पसरतात. वीस मिनिटांनी हळू चालवणारा येतो, हेल्मेट काढतो आणि तेवढ्यात बाकीचे ‘चला’ म्हणून उठतात. दिवसभर प्रत्येक थांब्यावर हेच. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि मग परतीच्या उतारावर दमलेल्या हातांनी तोच पडतो. त्याचं पडणं पुढे त्याच्या कौशल्याच्या खात्यावर लिहिलं जातं. हे अन्यायाचं आहे. थांब्याचं घड्याळ शेवटच्याचं हेल्मेट उतरल्यावर सुरू व्हावं. काही ठिकाणी अशा रायडरला लीडच्या मागे घेतात. डांबरावर ते ठीक. खडीवर फाट्यावर उभं राहण्याचं काम मग सारखं त्याच्याच गळ्यात पडतं, तेव्हा त्याला तिसरं किंवा चौथं ठेवावं.

पेट्रोल काझातच पूर्ण भरायचं. पुढे लोसर, कुंझुम, बातल, कुठेही पंप नाही आणि खालच्या गिअरमध्ये खडी तुडवताना मायलेज घटतं. लोसरपुढे फोनच्या सिग्नलवरही भिस्त ठेवू नये.

लोसर ते कुंझुम हा चढ दिवसाचा गाभा. वळणं मोठी, बाजू उघडी, समोरून मनालीकडची वाहनं, उन्हाळ्यात हिमाचल परिवहनची बससुद्धा. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावं असा आपला वाहतुकीचा नियम आहे. तो आपल्या बाजूनं असला तरी बससमोर मोटरसायकलनं हक्क सांगू नये, कडेला थांबावं, मात्र दरीकडच्या भुसभुशीत कडेवर नव्हे. चाकांनी रस्त्यात दोन पट्टे दाबलेले असतात, मधला आणि बाहेरचा भाग सुटा. हायवेवरची दोन रांगांची रचना इथं याहीमुळे निकामी ठरते. आंधळ्या वळणावर उजवा पट्टा कितीही गुळगुळीत दिसला तरी तो समोरच्याचा आहे. वर कुंझुम मातेचं मंदिर आहे. येणारी वाहनं मंदिराला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. ग्रुपनंही घालावी, सावकाश. वर फार वेळ मात्र काढू नये. डोकं दुखू लागलेला माणूस ग्रुपसमोर ते सहसा बोलत नाही, म्हणून स्वीपनं प्रत्येकाला वेगळं गाठून विचारावं. उत्तर काहीही आलं तरी चेहरा पाहून ठरवावं.

गावांबद्दल मला थोडं कळकळीनं लिहायचं आहे. स्पितीचं नगदी पीक म्हणजे हिरवा वाटाणा. शेतं रस्त्याला लागून आहेत. आठ गाड्या ताशी पन्नासनं गेल्या तर त्यांची धूळ वाटाण्याच्या वेलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उघड्या खिडक्यांतून घरात बसते. पाऊस नाही, त्यामुळे ती धुऊनही जात नाही. गावाच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता जाणं, याला दोन मिनिटं जास्त लागतात. रस्ता सोडून कुरणात गाडी घालणं तर सरळ चुकीचं. थंड वाळवंटात उगवण इतकी मंद असते की टायरची खूण वर्षानुवर्षं राहते. खिंडीपलीकडचा चंद्रताल २००५ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. तिथं वाहनं तळ्याच्या अलीकडेच थांबवतात आणि काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. तो कडकपणा योग्यच आहे.

परतीला वेळ आणि हातांत जोर उरला असेल तर क्याटोहून वरची वाट घ्यावी. ती चिचमला खोल घळीवरच्या पुलावर येते. हा पूल २०१७ साली खुला झाला. त्याआधी चिचमची माणसं दोरावरच्या पाळण्यात बसून ही घळ ओलांडत. पुलावर गाड्यांचा घोळका करून फोटो काढत बसू नये, गावाचा तो रोजचा रस्ता आहे.

या फेऱ्यात ऊन बहुतांश वेळ पाठीवर असतं. सकाळी जाताना वायव्येकडे, दुपारी परतताना आग्नेयेकडे. आपल्याला रस्ता उजळ दिसतो आणि त्यामुळे बेफिकिरी येते. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत मात्र थेट सूर्य असतो आणि आपण त्याला धुळीत काळ्या ठिपक्याएवढे दिसतो. म्हणून हेडलाइट दिवसभर चालू आणि प्रत्येक वळणाला डावी बाजू घट्ट. काझात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी खाली ताबोकडे निघायचं असेल तर एअर फिल्टर उघडून झटकावा, स्पोक एकेक करून बोटांनी वाजवून सैल आहेत का पाहावेत, आरशांचे आणि सायलेन्सरचे नट आवळावेत आणि टायरमध्ये डांबराची हवा भरून घ्यावी.